मन्ये आणि मैनोमाइ

तारापूर म्हटलें कीं आजच्या वाचकास १९६९ सालीं सुरू झालेलें अणुविद्युत्केंद्र आठवतें. बोइसर म्हटलें कीं कारखान्यांची वसाहत डोळ्यांपुढें उभी राहते. पालघर जिल्हा तर ठाण्यापासून वेगळा निघाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. तेव्हां या भागाचा इतिहासहि असाच अलीकडचा असावा, असा कित्येकांचा समज झाल्यास नवल नाहीं. वस्तुतः सोपाऱ्यापासून संजाणपर्यंतच्या या किनारपट्टीनें जितक्या भाषा ऐकिल्या, तितक्या ऐकण्याचें भाग्य फारच थोड्या प्रदेशांस लाभलें असेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरवृत्तांत सोपाऱ्याच्या बंदराचें नांव येतें; म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या नावाड्यांस व व्यापाऱ्यांस हा किनारा परिचित होता. संजाणास उतरलेल्या पारशी लोकांनीं आपल्याबरोबर अवेस्ता आणला. पुढें संजाणवर संकट आलें तेव्हां त्यांनीं आपला पवित्र अग्नि डहाणू तालुक्यांतील बाहरोटच्या डोंगरावरील लेण्यांत बारा वर्षें जपून ठेविला, असें त्यांची परंपरा सांगते. चिंचणी येथें १९५५ सालीं सांपडलेल्या ताम्रपटांपैकीं शके ८४८ च्या, म्हणजे इ. स. ९२६ च्या, पटांत संजाणच्या मंडलाचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीनें 'मधुमति' नांवाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत असल्याचें संस्कृतांत नमूद आहे. 'महंमद' या नांवाचेंच तें संस्कृत रूप होय. सोळाव्या शतकापासून १७३९ पर्यंत तारापूरच्या कोटावर पोर्तुगीजांचा अंमल होता. आणि या सर्वांच्या भोंवतीं मराठी व वारली बोली अखंड वाहत होत्या.

अशा ठिकाणीं भाषांच्या नात्यागोत्यांचा विचार सुचावा हें स्वाभाविक आहे. आज आम्ही वाचकांपुढें एकाच शब्दाची वंशावळ मांडणार आहों. शब्द ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ 'वेडा होणें, संतापानें बेभान होणें' असा आहे; पण त्याचे भाऊबंद आमच्या संध्येंत आहेत, पारशांच्या अग्यारींत आहेत आणि आमच्या रोजच्या बोलण्यांतहि आहेत. ही वंशावळ केवळ कुतूहलाची बाब नाहीं. संतापाच्या भरांत मनुष्य जें कांहीं करितो त्याचा कर्ता कोण, तो स्वतः कीं त्याच्यांत शिरलेलें दुसरें कांहीं, हा जो फार जुना प्रश्न, त्याच्या मुळाशीं ती आपणांस नेऊन पोंचविते.

तें ग्रीक क्रियापद 'मैनोमाइ' हें होय. होमरच्या 'इलियड' महाकाव्यांत तें मुख्यत्वें रणांगणावर भेटतें. हेक्टर ग्रीकांच्या गलबतांवर तुटून पडतो, तेव्हां युद्धदेव आरेसाप्रमाणें किंवा डोंगरावरील रानांत भडकलेल्या वणव्याप्रमाणें तो पिसाटला, हें कवि याच क्रियापदानें सांगतो. दिओमिदिसाच्या हातांतील भाल्यालाहि तेंच क्रियापद लाविलेलें आहे. म्हणजे योद्धाच नव्हे, तर त्याचें शस्त्रहि पिसाटतें. मदिरेचा देव दिओनिसस यास याच धातूचें विशेषण मिळालें, आणि त्याच्या मागोमाग रानांत नाचत जाणाऱ्या स्त्रियांस 'मैनाद' हें नांव पडलें. याच धातूपासून 'मानिया' हें नाम झालें. ग्रीक वैद्यांनीं तें एका रोगास लाविलें, लॅटिनानें तें उचललें, आणि लॅटिनाच्या वाटेनें तें पोर्तुगीज व इंग्रजी या दोन्ही भाषांत जाऊन बसलें. एखाद्या गोष्टीचा 'मेनिया' झाला, असें आज आपण सहज म्हणतों, तेव्हां हेक्टरच्या त्या वणव्याची एक ठिणगी आपल्या तोंडीं असते.

आतां हें क्रियापद संस्कृत व्याकरणाच्या उजेडांत पाहूं. 'मैनोमाइ' म्हणजे 'मी पिसाटतों'. 'मैनेताइ' म्हणजे 'तो पिसाटतो'. दोन्ही रूपें ग्रीकांतील आत्मनेपदाचीं आहेत. धातु 'मन्', आणि त्यास 'य' हा विकरण लागलेला. ग्रीक भाषेचा एक ध्वनिनियम असा कीं, 'अ'कारापुढें 'न्य' आला असतां त्यांतील 'य' मागें सरकून त्याचा 'इ' होतो. त्यामुळें मूळच्या 'मन्यो', 'मन्ये' या अंगांचीं 'मैनो', 'मैने' अशीं रूपें होतात. एवढा एक फेरफार उलटा फिरविला कीं समोर उभा राहतो तो दिवादिगणांतील, 'य' विकरण घेणारा, आत्मनेपदी, आणि पाणिनीय धातुपाठांत 'ज्ञान' या अर्थीं सांगितलेला आपला ओळखीचा धातु: मन्ये, मन्यते. धातु तोच, गण तोच, पदहि तेंच. सांगाडा अगदीं एक. पण अर्थ पाहावा तर 'मन्यते' म्हणजे तो विचार करितो, मानतो. आणि 'मैनेताइ' म्हणजे त्याचें भान सुटतें. एकाच घरांतील दोन भाऊ, एक न्यायासनावर बसलेला आणि दुसऱ्यास चौघांनीं धरून ठेविलेलें, असा हा प्रकार आहे.

हें कसें घडलें? याचें उत्तर त्याच कुळांतील दुसरा एक शब्द देतो. आपला 'मनस्' आणि ग्रीकांचा 'मेनोस्' हे अक्षरशः एकच शब्द होत. परंतु 'मेनोस्' म्हणजे विचाराचें इंद्रिय नव्हे. 'मेनोस्' म्हणजे अंगांत चढणारा आवेश. होमरचे देव तो वीरांच्या छातींत फुंकतात आणि दमलेला योद्धा पुन्हां उठतो. लॅटिनांत 'मेन्स' म्हणजे बुद्धि, 'मेमिनी' म्हणजे मला आठवतें; इंग्रजीचा 'माइंड' त्याच वंशांतला. या सर्व भावंडांची तुलना केली असतां असें दिसतें कीं, मूळ धातूचा अर्थ स्वस्थ बसून विचार करणें एवढाच नव्हता. चित्ताची हालचाल, मनाचें उसळून एखाद्या विषयाकडे धांवणें, हा होता. ती उसळी लगामांत राहिली म्हणजे तिला मति, मत, मनन हीं नांवें मिळतात. लगाम तुटला म्हणजे ती मानिया होते. विचार व वेड या दोन वस्तु नसून एकाच घोड्याच्या दोन चाली आहेत, असें जणु भाषेच्या पूर्वजांस वाटत असावें.

हा अर्थ आम्ही ओढूनताणून काढतों असें कोणास वाटल्यास त्यानें आपल्या मराठीकडेच पाहावें. संस्कृतांत 'मनस्वी' म्हणजे थोर मनाचा, स्वाभिमानी, तेजस्वी. मराठींत मात्र आपण 'मनस्वी राग आला', 'मनस्वी ऊन पडलें' असें म्हणतों. म्हणजे शब्दांतलें मन मर्यादेबाहेर वाहूं लागलें आहे. जो कोणाचें ऐकत नाहीं त्याच्या वागण्यास आपण 'मनमानी' म्हणतों, आणि त्या एका शब्दांत 'मन्' धातु दोन वेळां बसलेला आहे. ग्रीकांनीं जी वाट तीन हजार वर्षांपूर्वीं धरली, तीच वाट मराठीनें आपल्यापरीनें थोडी चालून पाहिली, एवढाच याचा अर्थ.

वेदांत याच धातूचा 'मन्यु' हा शब्द भेटतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ८३ व ८४ हीं दोन सूक्तें मन्यूस उद्देशून आहेत. त्यांत मन्यूस इंद्र म्हटलें आहे, वरुण म्हटलें आहे, आणि त्यानें आमच्याबरोबर एका रथांत बसून शत्रूवर चालून यावें अशी प्रार्थना केली आहे. यजुर्वेदांतील रुद्राध्यायाचा आरंभहि रुद्राच्या मन्यूस केलेल्या नमस्कारानेंच होतो. बाणास, धनुष्यास व बाहूंस नमस्कार मागाहून. येथें मन्यु ही निंद्य वस्तु नाहीं. ती ग्रीकांच्या 'मेनोस्'प्रमाणें एक दैवी शक्ति आहे, तिची भीति वाटते आणि तिची गरजहि भासते. पण याच मन्यूचें दुसरें तोंड प्रातःसंध्येंत दिसतें. तेथें आचमन करितांना सूर्याची व मन्यूची प्रार्थना आहे, ती मन्यूच्या हातून घडलेल्या पापांपासून रक्षण व्हावें म्हणून. एकाच शब्दास रणांत आमंत्रण आणि घरांत प्रायश्चित्त, अशी ही दुहेरी वागणूक आहे.

इराणांतील आमच्या भाऊबंदांनीं याच शब्दाचें तिसरेंच कांहीं केलें. अवेस्तांतील 'मइन्यु' हा शब्द आमच्या 'मन्यु'चा सख्खा जोडीदार. पण त्याचा अर्थ क्रोध नव्हे, तर चैतन्य, आत्मबल, अंतःशक्ति असा आहे. गाथांत दोन जुळ्या मइन्यूंची गोष्ट येते: त्यांतील एकानें चांगलें निवडलें, दुसऱ्यानें वाईट. चांगला तो स्पेन्त मइन्यु, वाईट तो अंग्र मइन्यु. याच दुसऱ्या नांवाचें झिजून 'अहरिमन' झालें. म्हणजे इराणी ऋषीच्या मतें मनाची शक्ति स्वतः बरी किंवा वाईट नाहीं. तिनें केलेली निवड तिला बरी किंवा वाईट करिते. अहुर मज्दाच्या नांवांतील 'मज्दा' म्हणजे आमची 'मेधा'. त्यांतहि 'मन्' धातूच आहे. पारशी धर्माच्या त्रिसूत्रींतील पहिलें सूत्र 'हुमत', म्हणजे 'सुमत', चांगला विचार. या किनाऱ्यावरील पारशी कुस्ती बांधतांना अहरिमनास दूर लोटतो, तेव्हां शेजारच्या घरीं संध्या करणारा मन्यूपासून रक्षण मागत असतो. दोघांस एकमेकांचे शब्द परके वाटतात; शब्द मात्र एकमेकांस ओळखतात.

हें नातें या किनाऱ्यावर फार पूर्वीं कोणाच्याच लक्षांत आलें नसेल असें नाहीं. अकराव्या-बाराव्या शतकांतील मानला जाणारा नेर्योसंग धवल हा पारशी पंडित संजाणच्या परंपरेंतला. त्यानें यस्नाच्या कांहीं भागांचें व इतर धर्मग्रंथांचें संस्कृतांत भाषांतर केलें. दोन्ही भाषा एका माणसाच्या लेखणीखालीं आल्या त्या अशा. मात्र हें नातें शास्त्र म्हणून मांडलें गेलें तें एकोणिसाव्या शतकांत. आणि त्यांतहि महाराष्ट्राचा वांटा आहे. मार्टिन हौग हा जर्मन पंडित १८५९ ते १८६६ पर्यंत पुण्यास संस्कृताचा अध्यापक होता. येथील पारशी दस्तुरांच्या व वैदिक ब्राह्मणांच्या सहवासांत राहून त्यानें अवेस्ता व वेद यांचा अभ्यास केला आणि १८६२ सालीं पारशांच्या धर्मग्रंथांवरील आपले निबंध मुंबईस छापले. रा. गो. भांडारकरांनीं १८७७ सालीं भाषाशास्त्रावर व्याख्यानें दिलीं. आणि ज्या राजवाड्यांनीं केळवें-माहीमच्या परिसराशीं निगडित अशी 'महिकावतीची बखर' १९२४ सालीं प्रसिद्ध केली, त्यांनींच मराठी धातूंच्या मुळांचा शोध जन्मभर घेतला.

या कुळांतील कांहीं मंडळी तर आडवाटेनें येऊन आमच्या घरांतच राहिली आहेत. 'दुश्मन' हा शब्द आम्ही फारशींतून घेतला. पण तो मूळचा 'दुर्मनस्', म्हणजे वाईट मनाचा. आणि ग्रीकांतहि शत्रूस नेमका हाच शब्द 'दुस्मेनेस्' या रूपांत लावितात. १३४७ सालीं दक्षिणेंत राज्य स्थापन करणाऱ्या अलाउद्दिनानें आपला वंश इराणच्या पुराणकथेंतील बहमन राजाशीं जोडला, म्हणून त्याचें राज्य बहमनी ठरलें. आणि 'बहमन' म्हणजे अवेस्तांतील 'वोहु मनो', आमच्या भाषेंत 'वसु मनस्', चांगलें मन. शाळेंतील मुलें बहमनी राजांच्या सनावळ्या घोंकतात, त्यांत आपलें मनच दडलेलें आहे हें त्यांस कोणी सांगत नाहीं.

येथें वाचकांस एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. आवाजाच्या सारखेपणावरून शब्दांचीं लग्नें लावण्याची खोड आम्हां सर्वांनाच असते. 'उन्माद' व 'उन्मत्त' हे शब्द 'मन्' धातूचे नव्हेत. ते 'मद्' धातूचे, ज्याचा अर्थ हर्षानें किंवा मदिरेनें धुंद होणें. आणि इंग्रजींतील 'मॅड' हा शब्द आमच्या 'मद्' धातूशीं कितीहि जुळता दिसला, तरी तो त्याचाहि नातलग नाहीं. तो 'बदलणें' या अर्थाच्या एका निराळ्या धातूपासून निघाला असून 'बदललेला, बिघडलेला' हा त्याचा मूळ भाव आहे. नातें ठरवितांना तोंडवळा पाहून भागत नाहीं. ध्वनींच्या फेरफाराचा नियम दाखवावा लागतो.

ग्रीकांपाशीं बेभानपणास दुसराहि एक शब्द होता: 'लिस्सा'. हेक्टरच्या अंगांत लिस्सा शिरली आहे, असें 'इलियड' मध्यें म्हटलें आहे. हा शब्द 'लिकोस्' म्हणजे लांडगा यापासून आला. 'लिकोस्' व आमचा 'वृक' हे एकच. तेव्हां लिस्सा म्हणजे मनुष्याच्या ठिकाणीं उठलेलें लांडगेपण. पुढें याच शब्दानें ग्रीक लोक कुत्र्याच्या पिसाळण्याचा रोग सांगूं लागले, आणि त्या रोगाच्या विषाणूच्या वर्गास आजचे शास्त्रज्ञहि 'लिस्सा' याच शब्दावरून नांव देतात. एरिपिदिसाच्या 'हेराक्लिस' या नाटकांत लिस्सा ही देवताच होऊन येते. तिच्या प्रभावानें तो महावीर आपल्याच मुलांना शत्रूचीं मुलें समजून ठार मारतो.

मराठींत या जागेवर कोणता शब्द आहे? कुत्रें 'पिसाळतें', माणूस 'पिसा' होतो, 'पिसाट' सुटतो. हे शब्द 'पिशाच' या संस्कृत शब्दापासून, प्राकृतांतील 'पिसाय', 'पिसल्ल' या रूपांच्या द्वारें आले. म्हणजे ग्रीकानें लांडगा पाहिला तेथें आम्हीं पिशाच पाहिलें. परंतु दोघांच्याहि मनांत एक गोष्ट समान आहे: हें जें काय झालें आहे तें मनुष्याचें स्वतःचें नव्हे; तें बाहेरून आलें आहे.

मराठीचा हा कल केवळ एका शब्दापुरता नाहीं. तो वाक्यरचनेंतहि उतरला आहे. आम्ही 'मी रागावलों' म्हणतों खरे, पण राग आवरेनासा झाला म्हणजे 'मला राग आला', 'मला वेड लागलें', 'माझा तोल गेला' असें म्हणतों. राग येतो, वेड लागतें, भूत झपाटतें, देवी अंगांत येते. यांपैकीं एकाहि वाक्यांत 'मी' हा कर्ता नाहीं. मी आपला चतुर्थींत किंवा षष्ठींत उभा. आमच्या कोंकणांत अंगांत येण्यास 'वारें येणें' म्हणतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जटाधारी मुनींचें एक सूक्त आहे. त्यांतील मुनीहि उन्मत्त होऊन आपण वाऱ्यावर आरूढ झालों असें सांगतात. वाऱ्याची ही कल्पना किती जुनी असेल याची यावरून कल्पना यावी. याच्या उलट 'मैनोमाइ' व 'मन्ये' हीं आत्मनेपदी, उत्तमपुरुषी क्रियापदें: कर्ता मी, आणि क्रियेचें फळहि माझ्याकडेच येणारें. एकीकडे 'हें माझ्यावर आलें', दुसरीकडे 'हें माझ्यांत माझेंच मन करीत आहे'. दोन व्याकरणांत दोन नीतिशास्त्रें दडलीं आहेत असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पण ज्याच्या भाषेंत आत्मनेपद आहे तो जबाबदारी घेतो आणि ज्याच्या भाषेंत चतुर्थी आहे तो टाळतो, इतकें हें प्रकरण सोपें असतें तर बरें झालें असतें. आगामेम्नोन राजानें संतापानें अखिलिसाचा अपमान केला आणि त्यामुळें शेंकडों ग्रीक मेले. शेवटीं समेट करितांना तो भरसभेंत म्हणतो कीं, दोष माझा नव्हे. झेउस, दैव आणि अंधारांत हिंडणारी कृत्या यांनीं माझी बुद्धि हरण केली. आमच्या वसिष्ठाचें ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील वरुणसूक्त याच्याशेजारीं ठेवून पाहावें. वसिष्ठ वरुणास विनवितो कीं, तें माझ्या इच्छेनें झालें नाहीं. भुरळ, मद्य, मन्यु, फांसे व अविचार यांनीं तें करविलें. तैत्तिरीय परंपरेंतील महानारायण उपनिषदांत तर काम व मन्यु हेच कर्ते, मी कर्ता नव्हे, असें स्पष्टच म्हटलें आहे. समुद्राच्या दोन्ही तीरांवर एकच सबब!

तथापि या दोघांस सबबखोर म्हणून सोडून देणें अन्यायाचें होईल. आगामेम्नोन बुद्धि हरण झाल्याचें सांगून थांबत नाहीं; त्याच दमांत तो म्हणतो कीं, माझी बुद्धि देवानें नेली हें खरें, पण भरपाई मीच करणार, आणि ती अपरंपार करणार. वसिष्ठहि मन्यूचें नांव सांगतो तें पळवाट म्हणून नव्हे, तर क्षमा मागण्यासाठीं. कारण बाहेरचें, परंतु ऋण माझें: अशी ही प्राचीन माणसाची भूमिका होती. आमच्यांतील पुष्कळांनीं तिचा पूर्वार्ध तेवढा उचलला आहे. 'रागाच्या भरांत हात उठला' असें म्हणून प्रकरण मिटविणारा गृहस्थ अर्धा आगामेम्नोन असतो. भरपाईचा दुसरा अर्धा त्याच्या ठिकाणीं नसतो.

आतां पुन्हां तारापुराकडे वळूं. चिमाजी आप्पांच्या उत्तर कोंकणच्या मोहिमेंत जानेवारी १७३९ मध्यें मराठ्यांनीं तारापूरच्या कोटास सुरुंग लाविले, हल्ला चढविला आणि कोट घेतला. या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार कामास आला. पोर्तुगीजहि निकरानें लढले. पुढें मे महिन्यांत वसई पडली आणि उत्तर कोंकणांतील फिरंगी सत्ता संपली. होमरनें हा प्रसंग गाइला असता तर कोटाच्या खिंडारांत शिरणाऱ्या प्रत्येक वीरास त्यानें 'मैनेताइ' हेंच क्रियापद लाविलें असतें. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारांत अशा प्रसंगीं जो शब्द येतो तो मात्र निराळा आहे: 'शर्थ केली'. हा शब्द अरबी 'शर्त' यापासून आला. शर्त म्हणजे अट, पण, पैज. ज्यानें शर्थ केली त्यानें आपलें सर्वस्व जाणूनबुजून पणास लाविलें. यांत वणवा नाहीं, लांडगा नाहीं, पिशाच नाहीं. हिशेब आहे, आणि तो हिशेब मांडणारें मन शुद्धीवर आहे. रणांगणावरील शौर्य हें वेडच असलें पाहिजे असें नाहीं, हें या एका शब्दावरून कळतें. कोटावर झेंपावणाऱ्या माणसाचें रक्त उसळत नसेल असें कोण म्हणेल? पण त्या उसळीस नांव देतांना आपल्या लोकांनीं बेभानपणाचा नव्हे, तर पणाचा शब्द निवडला. आणि शब्दाची निवड हीहि एक निवडच असते.

या साऱ्या विचाराचा निवाडा आमच्याकडे एका वैद्यानें करून ठेविला आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानांत उन्मादाची व्याख्या मन, बुद्धि, संज्ञा, ज्ञान, स्मृति, भक्ति, शील, चेष्टा व आचार यांचा विभ्रम अशी केली आहे. या आठ-नऊ शब्दांत वेडाचें जें चित्र आहे त्यांतील बारकावा आजच्या वैद्यासहि मान्य व्हावा. पुढें चरक उन्मादाचे प्रकार सांगतो. वात, पित्त, कफ व सन्निपात यांपासून होणारे चार आणि पांचवा आगंतु, म्हणजे बाहेरून येणारा: देव, गंधर्व, पिशाच इत्यादींच्या योगानें होणारा. लोकांत रूढ असलेली समजूत त्यानें टाकून दिली नाहीं. तिला जागा दिली. पण जागा देऊन लगेच तो बजावितो कीं, जो स्वतः आधीं बिघडलेला नाहीं अशा मनुष्यास देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस कोणीहि पीडा देत नाहींत. अशा व्याधीचें मूळ 'प्रज्ञापराध', म्हणजे आपल्याच बुद्धीनें केलेली चूक, हें होय, आणि तिच्यासाठीं देवांस वा पिशाचांस दोष देऊं नये. ग्रीसमध्येंहि हिपोक्रेतिसाच्या नांवावर असलेल्या अपस्मारावरील ग्रंथांत तोच सूर आहे: ज्या रोगास लोक पवित्र म्हणतात, तो इतर रोगांहून अधिक दैवी नाहीं, त्याचें कारण शरीरांतच आहे. म्हणजे पिशाचानें बाहेर नेलेली गोष्ट चरकानें पुन्हां 'मन्' धातूच्या घरांत आणून सोडली.

मात्र घर तेंच असलें तरी त्याचीं दारें दोन आहेत, हें विसरतां कामा नये. प्लेटोच्या 'फैद्रस' संवादांत सॉक्रेटिस म्हणतो कीं, मनुष्यास मिळणारीं सर्वांत मोठीं वरदानें मानियाच्या द्वारेंच येतात, फक्त ती देवानें दिलेली असावी. भविष्यवाणी, धर्मविधि, काव्य आणि प्रेम असे तो तिचे चार प्रकार करितो. 'मान्तिस', म्हणजे द्रष्टा, हा शब्दहि मानियापासूनच निघाला असें तो विनोदानें सांगतो. त्याची व्युत्पत्ति अक्षरशः खरी नसली, तरी बहुतेक विद्वान् तो शब्द याच धातूपासून काढतात. आमच्या संतांसहि ही गोष्ट ठाऊक होती. 'पिसें' हा पिशाचाचा शब्द त्यांनीं विठ्ठलाच्या ध्यासास लाविला आणि त्याचें सोनें केलें. योगमार्गांतील सर्वोच्च अवस्थेस त्यांनीं 'उन्मनी' म्हटलें. मनाच्या वर गेलेली, मन जेथें उरत नाहीं अशी. ग्रीकाच्या 'मैनोमाइ'तील मनहि आपली मर्यादा ओलांडतें आणि योग्याच्या 'उन्मनी'तील मनहि ओलांडतें. एक खालच्या दारानें बाहेर पडतें, दुसरें वरच्या.

तेव्हां या वंशावळीचा निष्कर्ष काय? विचार व संताप यांस आपण दोन शत्रू समजतों. एक आला कीं दुसरा पळतो असें मानतों. भाषेचा इतिहास तसें सांगत नाहीं. तो सांगतो कीं, ग्रीक, इराणी, वैदिक व मराठी या चारहि घरांत एकच धातु नांदला. त्याच्यापासून मति झाली, मेधा झाली, मन्यु झाला, मानिया झाली आणि उन्मनीहि झाली. शक्ति एक, तिनें कोणतें रूप घ्यावें हें गाथेंतील त्या जुळ्या मइन्यूंप्रमाणें निवडीवर अवलंबून. 'मला राग आला' हें वाक्य मराठींत शुद्ध आहे आणि तें बदला असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तें उच्चारतांना त्या चतुर्थीच्या आड एक जुनें आत्मनेपद उभें आहे, हें आपण स्मरणांत ठेविलें तर पुष्कळ घरांतील पुष्कळ भांडणें भरपाईवर येऊन मिटतील. पिशाचाच्या माथीं मारून धुमसत राहणार नाहींत.